हरलेल्या प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर, विजेतेपदं मिळवणारा संचालक घरी: अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं यशापयश मोजायचं कसं?

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजेच एलएसयूचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून ४९-२५ असा हरला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांना काढून टाकण्यात आलं. त्यांच्या करारानुसार उरलेल्या वर्षांपोटी विद्यापीठ त्यांना सुमारे ५.४ कोटी डॉलर देणं लागत होतं. डॉलरचा दर ढोबळ मानाने ९० रुपये धरला, तर ही रक्कम ४८५ कोटी रुपयांच्या घरात जाते.

तीन दिवसांनी राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं की, पुढचा प्रशिक्षक निवडण्याचं काम विद्यापीठाचे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड करणार नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, वुडवर्डही पायउतार झाले.

एका सामन्यानंतर आठवडाभरात प्रशिक्षक आणि संचालक दोघंही गेले, आणि राज्याचा प्रमुखच यात उतरला. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर अमेरिकेत बरीच चर्चा झाली. पण त्यामागचा प्रश्न मोठा आहे. खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाल्यापासून तिथल्या कॉलेज खेळांचं अर्थकारण पूर्ण बदललं आहे. अशा वेळी चांगला प्रशिक्षक कोण, चांगला संचालक कोण, हे ठरवायचं कशावरून?

कॉलेजच्या खेळात एवढा पैसा येतो कुठून?

आपल्याकडे कॉलेजचा क्रीडा विभाग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जिमखाना, वर्षाची जिमखाना फी आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी मिळणारा तुटपुंजा प्रवास भत्ता. अमेरिकेतलं चित्र अगदी वेगळं आहे. तिथे मोठ्या सरकारी विद्यापीठांची फुटबॉल मैदानं लाखभर प्रेक्षकांची असतात. हा फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे, तर हेल्मेट आणि पॅड घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. शनिवारी होणारे हे सामने अनेक राज्यांत एखाद्या सणासारखे साजरे होतात.

सगळ्यात मोठी कमाई टीव्ही हक्कांची. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. 'बिग टेन' या गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे प्रसारण करार केले. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या 'कॉलेज फुटबॉल प्लेऑफ'साठी ईएसपीएन ही वाहिनी २०२६-२७ पासून सहा वर्षांत ७८० कोटी डॉलर मोजणार आहे. त्यात तिकिटं, प्रायोजक आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांची भर पडते.

या सगळ्याचा कारभार पाहतो तो क्रीडा संचालक. महाराष्ट्रातल्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक हे पद असतं, त्याच्याशी या पदाची तुलना होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाचा क्रीडा संचालक १० ते २० कोटी डॉलरचं, काही ठिकाणी त्याहूनही मोठं, वार्षिक अंदाजपत्रक सांभाळतो. वीस-पंचवीस क्रीडा प्रकार चालवणं, प्रशिक्षक नेमणं, त्यांचे करार ठरवणं, देणगीदार जोडणं आणि कायद्याचं पालन करणं ही सगळी कामं त्याचीच. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी गव्हर्नर नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो.

मग नेमकं बदललं काय?

जवळपास शंभर वर्षं या खेळाचा एक नियम होता: सगळे कमावतील, पण खेळाडू नाही. कॉलेज खेळांचं नियमन करणारी 'एनसीएए' ही संस्था खेळाडूंना 'हौशी' मानायची. त्यांना शिष्यवृत्ती, राहणं आणि जेवण मिळायचं, पण पगार नाही. स्वतःच्या नावाचा टी-शर्ट विकून पैसे घेतले तरी कारवाई व्हायची.

ही व्यवस्था काही टप्प्यांत मोडली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवर मर्यादा घालणारे एनसीएएचे नियम ९ विरुद्ध ० अशा एकमताने बेकायदा ठरवले. लगेचच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या जोरावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. यालाच 'एनआयएल' म्हणतात. प्रत्यक्षात श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन निधी उभे केले आणि जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना पैसे देऊन आपल्या विद्यापीठात आणायला सुरुवात केली.

त्याच काळात विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाले. आधी दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळाडूला साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदल करण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या तर कितीही वेळा बदल करता येतो.

शेवटचा मोठा टप्पा म्हणजे 'हाऊस विरुद्ध एनसीएए' हा खटला. ग्रँट हाऊस या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जलतरणपटूच्या नावाने तो ओळखला जातो. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यात मुख्य गोष्टी तीन. २०१६ पासूनच्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे. १ जुलै २०२५ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील, त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर, आणि ती दरवर्षी वाढत जाईल. तिसरी गोष्ट, शिष्यवृत्तींच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे.

थोडक्यात, क्रीडा संचालकाच्या अंदाजपत्रकात एका फटक्यात सुमारे १८५ कोटी रुपयांचा नवा खर्च आला. उत्पन्न मात्र रातोरात तेवढं वाढलं नाही.

हरलेल्या प्रशिक्षकाला एवढे पैसे का द्यावे लागतात?

याचं उत्तर करारात आहे. मोठे प्रशिक्षक सहा, आठ, दहा वर्षांचे करार करतात आणि त्यातली बहुतेक रक्कम हमीची असते. मुदतीआधी काढलं, तर उरलेल्या पैशांचा मोठा हिस्सा द्यावा लागतो. याला 'बायआउट' म्हणतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण टेक्सस ए अँड एमचं आहे. २०१७ मध्ये या विद्यापीठाने जिंबो फिशर यांच्याशी दहा वर्षांचा, ७.५ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार केला. २०२१ मध्ये हा करार वाढवून २०३१ पर्यंत नेला. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी फिशर यांना काढलं, तेव्हा देणं होतं सुमारे ७.७ कोटी डॉलर. त्यापैकी १.९२ कोटी डॉलर ६० दिवसांत, आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख डॉलर. फिशर यांनी दुसरीकडे नोकरी धरली तरी ही रक्कम एका डॉलरने कमी होणार नव्हती.

पेन स्टेट विद्यापीठाची गोष्ट याच्या उलट आहे. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, तेव्हा त्यांचं देणं ४.९ कोटी डॉलरच्या आसपास होतं. पण त्यांच्या करारात नवी नोकरी शोधण्याची आणि तिथला पगार वजा करण्याची अट होती. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनिया टेकने त्यांना नेमलं आणि पेन स्टेटचं देणं सुमारे ९० लाख डॉलरवर आलं.

दोन्ही ठिकाणी प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच गेले आणि दोन्ही ठिकाणी चाहते नाराज होते. फरक पडला तो करारातल्या एका कलमाने, आणि त्याची किंमत होती सुमारे ४ कोटी डॉलर. म्हणून संचालकाचं काम तपासायचं, तर त्याने केलेल्या नेमणुकांइतकंच त्याने सह्या केलेल्या करारांकडेही पाहावं लागतं. त्यात तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. हमीची रक्कम किती? नवी नोकरी मिळाल्यावर ती कमी होते का? आणि मुदतवाढ केव्हा दिली?

तिसरा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. एक हंगाम चांगला गेला की दुसरं विद्यापीठ प्रशिक्षकाला पळवेल अशी भीती असते. प्रशिक्षकाचे एजंट ती भीती वापरतात आणि मग पहिल्या कराराची बरीच वर्षं शिल्लक असतानाच नवा करार होतो. फिशर यांना काढणं एवढं महाग पडलं ते या २०२१ च्या मुदतवाढीमुळे.

वुडवर्ड यांचा हिशेब: नापास की पास?

एलएसयूचे माजी संचालक वुडवर्ड हे या प्रश्नाचं उत्तम उदाहरण आहे, कारण त्यांच्या कारकिर्दीकडे दोन बाजूंनी पाहता येतं.

पहिली बाजू करारांची. २०१७ मध्ये फिशर यांना ए अँड एममध्ये आणणारे संचालक वुडवर्डच होते. २०१९ मध्ये ते एलएसयूमध्ये आले. त्या हंगामात एड ऑर्जेरॉन यांच्या प्रशिक्षणाखाली एलएसयूने फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि लगेच ऑर्जेरॉन यांना मोठी मुदतवाढ मिळाली. दोनच हंगामांनंतर त्यांना निरोप देण्यासाठी विद्यापीठाने सुमारे १.७ कोटी डॉलर मोजले. मग आले केली, दहा वर्षांचा ९.५ कोटी डॉलरचा करार घेऊन. गव्हर्नरांचा आक्षेप याच साखळीवर होता. हे ओझं अखेर करदात्यांवर येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरी बाजू निकालांची. वुडवर्ड यांच्या काळात एलएसयूने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२१ मध्ये त्यांनी किम मल्की यांना महिला बास्केटबॉलसाठी आणलं आणि २०२३ मध्ये संघ राष्ट्रीय विजेता झाला. २०२१ मध्येच बेसबॉलसाठी जे जॉन्सन आले आणि २०२३ व २०२५ अशी दोन विजेतेपदं आली. २०२४ मध्ये जिम्नॅस्टिक्सचं विजेतेपद मिळालं. मैदानी खेळांत पुरुष संघ २०२१ मध्ये अव्वल ठरला. आणि ज्या केली यांना काढलं त्यांची कामगिरी होती ३४ विजय, १४ पराभव.

मग वुडवर्ड चांगले संचालक होते की वाईट? उत्तर मोजपट्टीवर अवलंबून आहे. पट्टी 'सगळे खेळ' ही असेल, तर त्यांच्याइतकं यश फार थोड्या संचालकांच्या वाट्याला आलं. पट्टी 'फुटबॉल आणि त्याचे करार' ही असेल, तर त्यांच्या सह्यांमुळे दोन विद्यापीठांवर मिळून १३ कोटी डॉलरहून अधिक देणी उभी राहिली, असा आरोप होऊ शकतो. मात्र तो करताना फिशर यांची मुदतवाढ वुडवर्ड यांच्यानंतर आलेल्या संचालकांच्या काळातली होती, हेही सांगायला हवं. शिवाय असे करार संचालक एकटा करत नाही. विद्यापीठाचं नियामक मंडळ त्यांना मंजुरी देतं. प्रशिक्षक फसल्यावर मात्र मंडळ जागेवर राहतं आणि संचालक जातो.

यानंतर महिनाभरातच एलएसयूने लेन किफिन यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. करार सात वर्षांचा, पगार वर्षाला सुमारे १.३ कोटी डॉलर. गव्हर्नरांनी ज्या पद्धतीवर टीका केली होती, ती पद्धत संचालक बदलल्यावरही फारशी बदलली नाही.

जय-पराजयावरून प्रशिक्षक मोजला तर काय चुकतं?

फुटबॉलच्या नियमित हंगामात एक संघ साधारण १२ सामने खेळतो. नमुना इतका लहान, की एखादी दुखापत किंवा एखादी किक वर्षाचा निकाल फिरवू शकते.

ओहायो स्टेटचं उदाहरण ताजं आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी हा संघ पारंपरिक प्रतिस्पर्धी मिशिगनकडून १३-१० असा हरला. मिशिगनविरुद्धचा तो सलग चौथा पराभव होता आणि प्रशिक्षक रायन डे यांना काढा, अशी मागणी उघडपणे सुरू झाली. ५१ दिवसांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, त्याच डे यांचा तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. प्लेऑफमधल्या संघांची संख्या त्याच वर्षी ४ वरून १२ झाली होती, म्हणून दोन पराभवांनंतरही संधी शिल्लक होती. जुनी पद्धत असती, तर कदाचित त्यांना नारळ मिळाला असता.

या विजयाचं श्रेय कोणाचं, हाही प्रश्न आहे. डे यांना नेमलं होतं आधीचे संचालक जीन स्मिथ यांनी. विजेतेपदावेळी संचालक होते रॉस बियोर्क, ज्यांनी पदभार घेऊन जेमतेम सहा महिने झाले होते. आणि फिशर यांना २०२१ ची मुदतवाढ मिळाली, तेव्हा ए अँड एमचे संचालक हेच बियोर्क होते. म्हणजे एकाच माणसाच्या खात्यावर सर्वात महागडा बायआउटही आहे आणि विजेतेपदही, आणि दोन्हींत त्याचा वाटा अर्धाच.

'प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो' ही समजूतही तपासून पाहिलेली आहे. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अभ्यासकांनी कॉलेज फुटबॉलमधल्या बदल्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. फारच वाईट खेळणाऱ्या संघांना प्रशिक्षक बदलून विशेष फायदा झाला नाही, आणि मध्यम दर्जाच्या संघांची कामगिरी तर प्रशिक्षक न बदललेल्या तशाच संघांपेक्षा खालावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा आपोआप बरं जातं. त्याचं श्रेय नव्या माणसाला दिलं जातं, इतकंच.

पण अपवाद असतात आणि तेच लक्षात राहतात. इंडियाना विद्यापीठाचा संघ अनेक दशकं हरण्यासाठीच प्रसिद्ध होता. २०२३ मध्ये तो ९ सामने हरला आणि ३ जिंकला. संचालक स्कॉट डॉल्सन यांनी आधीच्या प्रशिक्षकाला तडजोडीने १.५५ कोटी डॉलर देऊन निरोप दिला आणि जेम्स मॅडिसन या तुलनेने छोट्या विद्यापीठातून कर्ट सिग्नेट्टी यांना आणलं. सिग्नेट्टी यांनी सोबत आपले जुने खेळाडू आणले. पहिल्याच वर्षी ११ विजय मिळाले. दुसऱ्या वर्षी संघ १६ पैकी १६ सामने जिंकला आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला.

यातून धडा कोणता घ्यायचा? घाईने बदल करा, हा नव्हे. डॉल्सन यांनी मोठं नाव विकत घेतलं नाही. ज्याने लहान ठिकाणी कमी साधनांत वर्षानुवर्षं संघ घडवले, त्याला निवडलं. खेळाडू मुक्तपणे विद्यापीठं बदलू लागल्यावर योग्य खेळाडू ओळखणं हेच प्रशिक्षकाचं मोठं कौशल्य ठरलं आहे. म्हणून प्रश्न 'किती जिंकले' एवढाच नाही, तर 'हाताशी जे होतं त्यात किती जिंकले' हा आहे.

इतर खेळांचं काय?

पैशाच्या या शर्यतीत सर्वात जास्त धोका आहे तो ज्या खेळांतून कमाई होत नाही त्यांना: पोहणं, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, धावणं. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत खेळाडूंना वाटायच्या रकमेपैकी साधारण तीन चतुर्थांश हिस्सा फुटबॉलला आणि उरलेल्यातला मोठा वाटा पुरुष बास्केटबॉलला जातो. महिला खेळाडूंचा वाटा नगण्य राहतो. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ पासून आहे. त्याच्याच आधारे आठ महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटपाला अपिलात आव्हान दिलं आणि त्यामुळे भरपाईचे पैसे अडकले.

मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने नव्या खर्चाचं कारण देत पोहण्याचा संघच बंद केला. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने आपण पहिल्या श्रेणीतून थेट तिसऱ्या श्रेणीत जाणार असल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. विशेष म्हणजे आठवडाभरापूर्वीच त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता.

याचा परिणाम अमेरिकेबाहेरही होतो. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातले साधारण तीन चतुर्थांश खेळाडू कॉलेज खेळांतून येतात, आणि इतर देशांचे खेळाडूही तिथे शिकून मोठे होतात. भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ मध्ये एकेरीत राष्ट्रीय विजेता ठरला. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये विजेता झाला. हे खेळ बंद झाले, तर भारतातल्या मुलांसाठीचाही एक रस्ता अरुंद होईल.

शिवाय हा पैसा काही अंशी विद्यार्थ्यांच्या खिशातून येतो. अनेक विद्यापीठं शिक्षण शुल्काबरोबर क्रीडा शुल्क घेतात. छोट्या विद्यापीठांत ते क्रीडा विभागाचा मोठा आधार असतं. व्हर्जिनियासारख्या राज्याने तर अशा शुल्कावरच्या अवलंबित्वाला कायद्यानेच मर्यादा घातली आहे. टेनेसी विद्यापीठाने तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावली. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाची फी पुण्या-नाशिकातून कर्ज काढून भरणाऱ्या पालकांनी फीच्या पावतीत 'ॲथलेटिक्स' ही ओळ आहे का, हे एकदा पाहायला हरकत नाही.

मग मोजायचं कसं?

आतापर्यंतची उदाहरणं एकत्र ठेवली, तर पाच प्रश्न समोर येतात.

पहिला, खर्चाच्या तुलनेत निकाल कसा आहे? देशात सर्वाधिक खर्च करणाऱ्या संघाने ९ सामने जिंकणं आणि गटात सर्वात कमी खर्च करणाऱ्याने ९ जिंकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा, करार कसे आहेत? हमीची रक्कम, वजावटीचं कलम आणि मुदतवाढीची वेळ ही माहिती सरकारी विद्यापीठांच्या बाबतीत बहुतेकदा सार्वजनिक असते. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखे कायदे तिथल्या राज्यांतही आहेत. खासगी विद्यापीठांना मात्र ते लागू होत नाहीत.

तिसरा, जमाखर्च जुळतो का? ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाने २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ३.८ कोटी डॉलरची तूट दाखवली. कमाईत देशात आघाडीवर असलेल्या विभागाची ही अवस्था असेल, तर इतरांची कल्पना करता येते. तूट भरून काढायला विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी वापरला जातो, विद्यार्थ्यांचं शुल्क की कर्ज, हे पाहणं गरजेचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये युटा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी खासगी गुंतवणूक कंपनीला भागीदार करून घेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. गुंतवणूकदार आला की तो परतावा मागणार. त्यानंतर न कमावणारे खेळ टिकवण्याची जबाबदारी कोण घेणार, हा संचालकाच्या परीक्षेचा नवा प्रश्न आहे.

चौथा, खेळाडू शिकतात का? एनसीएए प्रत्येक संघाला अभ्यासातल्या प्रगतीसाठी १००० पैकी गुण देते. ९३० च्या खाली गेलं की कारवाई होऊ शकते. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला याच कारणाने २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आलं नाही. पुढच्याच वर्षी तो संघ विजेता झाला. म्हणजे अभ्यास सुधारला म्हणून खेळ बिघडतो, असं नाही.

पाचवा, आणि सर्वात महत्त्वाचा: खेळाडू सुरक्षित आहेत का? २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्याला वेळेत उपचार देण्यात चूक झाल्याची कबुली विद्यापीठाने दिली. संघात खेळाडू बोलायला घाबरत होते, असं चौकशीत पुढे आलं. तरीही नियामक मंडळाने प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना कायम ठेवण्याची शिफारस केली. विद्यार्थी आणि पालकांमधून संताप उसळल्यावर दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना काढलं. विजय, करार, तूट यांपैकी कोणत्याही रकान्यात ही घटना बसत नाही. पण नेतृत्वाची खरी परीक्षा तिथेच होती.

आता पुढे काय?

खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांची मर्यादा दरवर्षी वाढत जाणार आहे. बाहेरून होणारे जाहिरात करार खरे आहेत की नावापुरते, हे तपासण्यासाठी 'कॉलेज स्पोर्ट्स कमिशन' ही नवी संस्था आली आहे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार तिच्या यंत्रणेकडे कळवावा लागतो. खेळाडूंना कर्मचारी मानायचं का, हा वाद अजून सुटलेला नाही. परदेशी विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच आहे. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यावर निर्बंध असल्याने सहकाऱ्यांना मिळणारे पैसे घेताना त्यांना दहा वेळा विचार करावा लागतो.

खेळाडू फुकट खेळत होते, तोवर चुकीच्या कराराची किंमत फारशी कोणाला जाणवत नव्हती. आता प्रत्येक डॉलरला दुसरा दावेदार आहे. काढलेल्या प्रशिक्षकाला दरवर्षी जाणारे ७२ लाख डॉलर म्हणजे खेळाडूंना वाटायच्या २.०५ कोटींच्या मर्यादेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. तेवढ्या पैशांत पोहण्याचे, टेनिसचे अनेक संघ वर्षानुवर्षं चालू शकतात.

शनिवारी रात्री फलकावर दिसणारा स्कोअर खोटा नसतो, पण तो पूर्ण हिशेबही नसतो. सामना हरल्यावर संतापलेले चाहते प्रशिक्षकाची हकालपट्टी मागतील, हे स्वाभाविक आहे. ती मागणी मान्य करण्याआधी करार काढून वाचणं, आणि मुळात असा करार करण्याआधी दहादा विचार करणं, हे काम संचालकाचं आणि त्याच्या वरच्या मंडळाचं आहे. एलएसयूमध्ये ते कोणी केलं आणि कोणी नाही, याचा निकाल एका आठवड्यात लावला गेला. किफिन यांचा करार सात वर्षांचा आहे.